नाव कमी केल्याचा दाखला

माझी नात दिवसातून दहा वेळा कॅन्सल म्हणते. टॅक्सी बोलावते आणि ती कोपऱ्यापर्यंत आली की कॅन्सल करते. परवा फोनवरून जेवण मागवलं, मग मैत्रिणीला दुसरंच काही खायचं होतं म्हणून तेही कॅन्सल. मी विचारलं, मग ते शिजवलेलं कुठं गेलं? म्हणाली, आजी, ते आपलं टेन्शन नाही. जेवताना ती कोणा नटाबद्दल सांगत होती. तो काहीतरी वेडंवाकडं बोलला, म्हणून सगळ्यांनी मिळून त्याला कॅन्सल केलं. माणसाला? मी विचारलं. हो, म्हणाली, हल्ली माणसांनाही करतात. मी भाताचा घास तोंडात घातला. हल्ली नाही, हे तिला सांगायला फार वेळ लागला असता आणि तिला क्लासला जायचं होतं.

शाळा मला चौथीपर्यंत. पुढे धाकटी दोघं सांभाळायला घरी बसवलं. तेव्हा इंग्रजी मला यायचं कारणच नव्हतं, पण गिरणगावात राहिलं की मशीन, गेट, ड्युटी, पास असले शब्द पाण्याबरोबर पोटात जातात. कॅन्सल हा शब्द मात्र मला नेमका कुठं मिळाला ते आठवतं. रेशनिंग ऑफिसात, सतराव्या वर्षी, लाल शाईत.

आमची खोली परळला, चाळीच्या दुसऱ्या माळ्यावर. माणसं सात. बाबा, आई, थोरला दादा, त्याची बायको म्हणजे आमची वहिनी, मी आणि माझ्या पाठची दोन भावंडं. बाबा मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर, होते. दादा बदलीवर, म्हणजे सकाळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कोणी खाडा केला असेल तर आत, नाहीतर घरी. त्या वर्षी तो बहुतेक दिवस घरीच यायचा आणि दारातून आत येताना चपला फार सावकाश काढायचा. बाबांच्या खात्यातही आठवड्यातले दोन दिवस साचे बंद असायचे, कधी वीज नाही म्हणून, कधी सूत नाही म्हणून. गावाहून येणाऱ्या कोणाबरोबर कुळीथ आणि सुकट यायची. बाकी खायचं म्हणजे रेशन. बाहेर धान्य होतं, पण ते आमच्यासारख्यांसाठी नव्हतं.

ज्यांनी ते रेशन खाल्लं नाही त्यांना सांगून कळणार नाही. मिलो म्हणून तांबडी ज्वारी यायची. तिची भाकरी थापतानाच चिरायची आणि गिळताना घशात बसायची. गव्हात खडे, तांदळाला गोणीचा वास. साखर इतकी थोडी की ती पाहुण्यांच्या चहाला, आम्हाला गूळ. रेशन आणलं की आई सूप घेऊन दाराशी उजेडात बसायची. एकेक खडा काढून जर्मनच्या ताटलीत टाकायची. टक, टक, टक. दुपारभर चाळीत प्रत्येक दारातून तोच आवाज यायचा. कार्डावर जितकी नावं तितकं धान्य. मोठ्याचं एक युनिट, लहानाचं अर्धं. आमची पाच मोठी आणि दोन लहान धरून सहा युनिटं. दुकानदार कधी नाव विचारायचा नाही. पिशवी पुढे केली की विचारायचा, किती? आणि आम्ही म्हणायचो, सहा.

माझं लग्न ठरलं ते फणसवाडीत. मुलगा वसंत, छापखान्यात कामाला. आईबाप नाहीत, मामा-मामींकडे वाढलेला. मामा एका गोऱ्या साहेबाच्या जुन्या कंपनीत कारकून होते. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि बोलताना दर तिसरा शब्द इंग्रजी. आमच्यासारख्या मिलवाल्यांच्या घरातली मुलगी ते करतात याचंच बाबांना अप्रूप. वसंतला मी दोनदा पाहिलं. बोटांना शाई होती, ती धुऊनही गेलेली नव्हती. मला वाईट वाटला नाही. चांगलाही वाटला नाही. सतरा वर्षांच्या मुलीला विचारतं कोण?

साखरपुड्याच्या दिवशी पानसुपारी झाल्यावर मामांनी बाबांना बाजूला घेतलं. मुलीचं नाव तुमच्या कार्डावरून आत्ताच कमी करून दाखला आम्हाला द्या, म्हणाले. आमच्या ऑफिसात नवीन नाव चढायला दोन-दोन महिने लागतात. लग्नानंतर अर्ज केला तर पावसाळाभर तिला आमच्यातलं खावं लागेल. असं ते सगळ्यांसमोर हसत म्हणाले. आमच्या लोकांत पद्धत अशी की मुलगी लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आली की बाप तिला घेऊन ऑफिसात जातो, नाव कमी करून दाखला घेतो, आणि ती परत जाताना तो तिच्या ओटीतल्या नारळाबरोबर पिशवीत देतो. आधी कोणी कापत नाही. पण बाबांना मामांपुढे नाही म्हणता आलं नाही. शब्द दिला, म्हणाले. बाबांनी आयुष्यात जे काही नुकसान केलं ते सगळं शब्द देऊन केलं.

बाबांना सही यायची, बाकी लिहिता येत नव्हतं. म्हणून ऑफिसात मला बरोबर नेलं. अर्ज मीच भरला. कुटुंबप्रमुखाचं नाव, पत्ता, कमी करायच्या व्यक्तीचं नाव. तिथे मी सुमन लिहिलं, चांगल्या वळणदार अक्षरात. कारण: लग्न. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज वाचला, मग माझ्याकडे पाहिलं. गळ्यात मंगळसूत्र नव्हतं.

"लग्न झालंय का?" त्यानं बाबांना विचारलं.

"वैशाखात आहे."

"मग वैशाखानंतर या ना. घाई काय आहे?"

बाबा म्हणाले, मुलाकडच्यांना हवंय. कारकून म्हणाला, तुमची मर्जी. त्यानं पट्टी घेतली, माझ्या नावावर लाल रेघ मारली आणि कडेला शिक्का उठवला. मी विचारलं, काय लिहिलंय? कॅन्सल, म्हणाला. म्हणजे इथून पुढे तुम्ही या कार्डावर नाही. मला तेव्हा त्यात काही वाटलं नाही. उलट आपण मोठे झालो असंच वाटलं. बाबा तो दाखला दुसऱ्या दिवशी स्वतः फणसवाडीत देऊन आले, आणि चहा मिळाला, बिस्किटं होती, असं कौतुकानं सांगत बसले.

लग्नाला पंधरा दिवस असताना बाबा आमच्याकडच्या माणसांची यादी घेऊन ठाकूरद्वारला उतरून त्यांच्याकडे गेले. परत आले ते पायी. आईनं पाण्याचा तांब्या पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. मामांनी त्यांना आत बोलावलंच नव्हतं. गॅलरीत उभ्या उभ्या सांगितलं होतं की ते लग्न आम्ही कॅन्सल केलंय. बाबांनी विचारलं, आमचं काही चुकलं का? नाही. मुलीबद्दल काही ऐकलं का? नाही. मग कारण? कारण काही नाही हो, कॅन्सल केलंय इतकंच.

"म्हंजे मोडला?" आईनं विचारलं. आई मालवणकडची, शेवटपर्यंत तशीच बोलली.

"मोडलं नाही," बाबा म्हणाले. "मोडलं असतं तर भांडलो असतो. कॅन्सल केलं म्हणाला."

मी तिथेच विळीवर बसून सुकटीसाठी कांदा चिरत होते, म्हणून माझ्या डोळ्यांचं कोणाला काही वाटलं नाही. बाबांचं म्हणणं मात्र मला तेव्हाच पटलं आणि अजून पटतं. आपल्याकडे लग्न मोडतं म्हणतात, बेत फिसकटतो, काम बारगळतं. त्यात कोणीतरी काहीतरी केलेलं असतं, बोट दाखवता येतं. मामा जे म्हणाले त्यात कोणी काही केलेलंच नव्हतं. खरं कारण मला पुढे कळलं. दुसरी एक मुलगी सांगून आली होती आणि तिच्या बापाची डोंबिवलीला रिकामी खोली होती. मुंबईत खोलीपुढे मुलगी कसली टिकते. तेवढं जरी तोंडावर सांगितलं असतं तरी बाबांनी समजून घेतलं असतं.

दाखल्याचं कोणाच्याच लक्षात आलं नाही. रडारड, चाळीतल्या बायकांचं येऊन विचारणं, छापायला दिलेल्या पत्रिका, यात आठ दिवस गेले. मग रेशनचा दिवस आला आणि दुकानदारानं कार्ड पाहून पाच युनिटांचं मापलं. आईनं पिशवी हातात तोलली तेव्हाच तिला कळलं. बाबा फणसवाडीला गेले. मामा म्हणाले, शोधून ठेवतो. पुढच्या रविवारी गेले, मामा घरी नव्हते. तिसऱ्यांदा गेले तर मामी म्हणाल्या, तो कागद उंदरांनी खाल्ला वाटतं. आणि परळच्या ऑफिसातला कारकून म्हणायचा, तो दाखला परत आणल्याशिवाय मला नाव चढवता येत नाही. तो बिचारा वाईट नव्हता. मी सांगितलं होतं ना, एवढं मात्र प्रत्येक वेळी म्हणायचा.

असे तीन महिने गेले. ते कसे गेले ते लिहायचं म्हणून ही वही घेतली, पण त्यात सांगण्यासारखं फार नाही. सात माणसांनी सहा माणसांचं खाल्लं, आणि ते सहा माणसांचंही पोटभर नव्हतं. चपात्या लहान झाल्या. मग पातळ झाल्या. भाताऐवजी पेज सुरू झाली. धाकटा चपाती उशीखाली लपवायला लागला, आणि सापडली की त्यावरून धाकटीची आणि त्याची मारामारी. वहिनीला पाचवा महिना लागला होता. तिच्या ताटात आई जास्त वाढायची आणि ते बरोबरच होतं, पण वाढताना सगळ्यांची नजर त्या पळीवर असायची. एका खोलीत बसून खाणारी माणसं एकमेकांच्या ताटात बघत नाहीत असं दाखवतात ते फार वाईट. त्यापेक्षा भांडण बरं. मी भूक नाही म्हणून उठायला लागले की आई हात धरून बसवायची. आणि याच दिवसांत आईचे उपास वाढले. आधी ती फक्त संकष्टी धरायची, तीही सासूनं लावून दिलेली म्हणून. आता सोमवार धरला. मग गुरुवार. मग शनिवार. उपासाला साबुदाणा नाही की शेंगदाणे नाहीत, गुळाचा कोरा चहा घ्यायची आणि पाणी प्यायची. उपासाला कोणी काही म्हणू शकत नाही. बाबाही म्हणाले नाहीत. तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सरकायला लागल्या ते मी पाहत होते.

शेवटी मीच एकदा, फणसवाडी ज्याच्या हद्दीत येते त्या गिरगावातल्या रेशनिंग ऑफिसात गेले, निदान दाखला तिथे पोचलाय का ते विचारायला. बाबांनी हात टेकले होते. तिथे खिडकीत एक बाई होत्या. मी मामांचं नाव आणि पत्ता सांगितला. त्यांनी रजिस्टर काढलं, बोट फिरवत आल्या आणि थांबल्या. नाव चढलंय की, म्हणाल्या. रजिस्टर त्यांनी माझ्याकडे वळवलं. मामा, मामी, वसंत, आणि खाली सौ. सुमन, पुढे वसंतचं नाव आणि त्यांचं आडनाव. नात्याच्या रकान्यात लिहिलं होतं, भाचेसून. लग्न कॅन्सल करायच्या आधीच दाखला भरला होता आणि नंतर तो तसाच ठेवला होता. तीन महिने माझा गहू, माझे तांदूळ, माझी साखर फणसवाडीत येत होती. लग्न त्यांनी कॅन्सल केलं होतं, मला केलं नव्हतं.

मी बाईंना म्हटलं, ती सुमन मीच, माझं यांच्याशी लग्न झालेलं नाही, नाव काढा. त्या म्हणाल्या, असं काढता येत नाही, कार्ड ज्याच्या नावावर आहे त्यानं कार्ड घेऊन यायला हवं. आणि मग हळू आवाजात म्हणाल्या, वडिलांना पाठव बाई, तू अशी एकटी येऊ नकोस.

घरी सांगितलं तर बाबांनी भिंतीकडे तोंड केलं. जाऊ दे, म्हणाले. तिथे जाऊन तमाशा केला तर मुलीचंच नाव खराब होईल, पुढे कोणी करून घेणार नाही. आईचा त्या दिवशी शनिवारचा उपास होता. वहिनी कोपऱ्यात धान्य निवडत बसली होती, तिचे पाय सुजले होते, आणि ती मान वर न करता म्हणाली, "वन्सं, तुमचं रेशन फणसवाडीत शिजतंय. जेवायला तिथंच जात जा की."

तिला मी पुढे त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. पोटात मूल असलेल्या उपाशी बाईनं काय बोलावं याचे काही नियम नसतात. शिवाय ती बोलली ते खरं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मी माझं ताट आणि वाटी फडक्यात बांधली आणि परळहून चालत निघाले. लालबाग, भायखळा, पुढे विचारत विचारत. फणसवाडीत पोचले तेव्हा घरोघरी फोडण्या पडत होत्या आणि माझ्या पोटात नुसता जाळ होता. मामांचं घर पहिल्या माळ्यावर. दार उघडंच होतं. मी उंबऱ्याबाहेर गॅलरीत मांडी घातली, फडकं सोडलं, ताट पुढे मांडलं. मामी आतून आल्या आणि मला पाहून तशाच उभ्या राहिल्या.

"माझं रेशन तुमच्याकडे येतं," मी म्हटलं. "मी जेवायला आलेय."

मामा बनियनवर बाहेर आले. हे काय नाटक लावलंय, म्हणाले. मी म्हटलं, नाटक नाही, भूक आहे. आवाज मी चढवला नाही. चढवण्याइतकं अंगात नव्हतं. शेजारच्या दोन दारांतून माणसं डोकावली. मामांनी मामींना आत ओढलं, कुजबुज झाली, आणि मग मामींनी ताटात भात आणि वरण आणून वाढलं, वर भाजीही. मी सगळं खाल्लं. तिथल्या नळावर ताट धुतलं, फडक्यात बांधलं आणि चालत घरी आले. खरं सांगायचं तर त्या वरणाची चव मला अजून आठवते. हिंग होता त्यात. शरम वाटायला हवी होती म्हणतात. जेवताना नाही वाटली. घरी आल्यावर आईनं विचारलं, खयं गेलेलंस? आणि तिचं तोंड पाहिलं तेव्हा वाटली, कारण मी जेवून आले होते आणि ती जेवलेली नव्हती.

सोमवारीही गेले. मामा कामावर होते. मामींनी वाढलं, पण काल उरलेलं, ताट न टेकवता वरून टाकलं. जेवता जेवता वसंत जिना चढून वर आला, दुपारच्या जेवणासाठी छापखान्यातून आला असावा. माझ्या ताटाच्या कडेनं पाय टाकून आत जायचं की नाही हे त्याला ठरवता येईना.

"उद्या येऊ नका," तो म्हणाला. अहोजाहो करत होता.

"माझं नाव काढा, नाही येत."

"ते मामांचं काम आहे. तुम्ही मामांना सांगा."

"कार्डावर नवऱ्याच्या जागी तुमचं नाव आहे," मी म्हटलं. "तुम्ही सांगा."

तो आत गेला आणि दार लोटून घेतलं. त्याच्याशी लग्न झालं नाही याचं मला त्यानंतर एकदाही वाईट वाटलेलं नाही.

मंगळवारी दार आतून बंद होतं. मी ताट मांडून बसले. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. आत भांड्यांचा आवाज येत होता, ती माणसं जेवत होती. वाडीतली पोरं जिन्यावर जमली. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली होती, पण उठले तर परत बसायची हिंमत राहणार नाही हे मला कळत होतं. घरी जाऊन खायचं तर ते कोणाच्या ताटातलं? मला जायला जागाच नव्हती, हे मला त्या बंद दारापुढे पहिल्यांदा नीट समजलं. रागाचं सोंग होतं तोवर बरं होतं. तिथे बसून मी मनात देवाला नाही, त्या दाराला विनवत होते. चार वाजता समोरच्या खोलीतल्या एक म्हाताऱ्या बाई बाहेर आल्या. त्यांनी पाण्याचं भांडं माझ्यापुढे ठेवलं आणि विचारलं, कोणाची गं तू?

"यांची सून," मी म्हटलं.

"अगं, वसंताचं लग्न तर दिवाळीनंतर आहे."

"कार्डावर झालंय. गिरगावच्या ऑफिसात बघा."

म्हातारीनं तोंडावर पदर धरला आणि तशीच शेजारच्या दारात गेली. मग त्या दारातून पुढच्या दारात. मी पाणी प्यायले. सहाच्या सुमाराला मामा कामावरून आले. जिन्यापासून त्यांच्या दारापर्यंत येताना त्यांना तिघांनी अडवून काहीतरी विचारलं. माझ्यापर्यंत आले तेव्हा त्यांचा चेहरा शर्टासारखा पांढरा झाला होता. पोलिसात देईन, म्हणाले. द्या, म्हटलं. तिथेही कार्ड लागेलच. त्यांनी दारादारांत उभ्या माणसांकडे पाहिलं. मग म्हणाले, उद्या दहा वाजता ऑफिसच्या दारात ये.

बुधवारी खिडकीत त्याच बाई होत्या. मामांनी कार्ड पुढे केलं, अर्ज घेतला, खिशातलं एक पेन काढलं आणि भराभर लिहीत गेले. एका रकान्यापाशी पेन थांबलं. नाव कमी करण्याचे कारण. बाबांना त्यांनी कारण नाही म्हणून सांगितलं होतं, पण सरकारला तसं चालत नाही. मामा बाईंना म्हणाले, नुसतं कॅन्सल लिहिलं तर? बाई म्हणाल्या, ते आम्ही लिहायचं, तुम्ही कारण लिहा. मृत्यू, लग्न, दुसरीकडे राहायला गेले, काय ते. लग्न झालंच नव्हतं असं लिहिलं असतं तर तीन महिन्यांचं खाल्लेलं ओकावं लागलं असतं. मामांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. त्यांना वाटलं असावं की मिलवाल्याची मुलगी, हिला काय वाचता येणार. आणि लिहिलं: सून माहेरी परत गेली.

मी ते उलट्या बाजूनं, अक्षर अक्षर लावून वाचलं. बाईंनीही वाचलं, आणि त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं. सगळं त्यांना माहीत होतं. मी बोलले असते तर त्यांनी तो अर्ज घेतला नसता. मग मामा कार्ड घेऊन निघून गेले असते. वही लिहायला बसल्यापासून मी या जागेवर तीनदा येऊन थांबले. तेव्हा मात्र विचार करायला वेळ लागला नाही. त्या दिवशी घरात दोन वेळचं पीठ होतं आणि वहिनीला सातवा लागला होता.

"घ्या," मी बाईंना म्हटलं. "बरोबर आहे."

लाल रेघ, शिक्का, दाखला. तो हातात घेऊन मी परळला चालत गेले, घरी न थांबता थेट ऑफिसात. तिथल्या कारकुनानं दाखला वाचला. आमच्या कार्डावर जुन्या खोडलेल्या सुमनच्या खाली, धाकटीच्याही खाली, शेवटच्या ओळीत त्यानं मला परत लिहिलं. नात्याच्या रकान्यात, मुलगी. आणि पुढे कंसात, परत आलेली. लिहावंच लागतं, म्हणाला. पुढे चार वर्षांनी माझं लग्न ठरेपर्यंत जी जी स्थळं आली त्यातल्या तिघांनी ते कार्ड पाहायला मागितलं आणि परत केलं. आणि ठरलं तेव्हा मी बाबांना सांगितलं, नाव लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कापा, आदल्या दिवशी नाही.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन मी स्वतः दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, किती? मी म्हटलं, सहा. घरी आईनं ते निवडलं, वहिनीनं दळून आणायला लावलं, आणि संध्याकाळी पुष्कळ दिवसांनी जाड चपात्या झाल्या. धाकट्यानं एक उशीखाली ठेवायला घेतली, ती बाबांनी त्याच्या हातून काढून परत त्याच्याच ताटात ठेवली. वहिनीनं माझ्या ताटात दोन वाढल्या, मग न विचारता तिसरी. आई स्टोव्हपाशी बसून होती. मी म्हटलं, आई, तू घे ना आता.

"आज बेस्तवार," ती म्हणाली.

मी म्हटलं, आता कशाला गुरुवार, नाव लागलं ना परत. त्यावर ती म्हणाली, "धरलेलो उपास असो मधीच सोडूचो नसता गो. तू जेव." मी जेवले. तिन्ही चपात्या खाल्ल्या.

आईचे ते तीन वार शेवटपर्यंत राहिले. दादाची नोकरी कायम झाली, रेशनचे दिवस संपले, घरात बासमती यायला लागला, तरी सोमवार, गुरुवार, शनिवार ती जेवत नसे. ती गेली त्या दिवशी खोलीत माणूस मावत नव्हता. चाळीतल्या बायका एकमेकींना सांगत होत्या, किती देवभोळी होती, आठवड्यातले तीन तीन उपास करायची. मी तिच्या पायाशी बसून ऐकत होते.